छातीवरचं शून्य

परळला हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या टपरीवरचा कटिंग हातात येतो तेव्हा साधारण ६० अंशांना असतो. त्यातला अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर चहा तोंडात घेतला, तर तो निवून अंगाच्या उष्णतेला येईपर्यंत शरीराला सुमारे २४० जूल ऊर्जा देऊन जातो. जिभेला ऊब लागते, एवढंच.

हीच २४० जूल ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने ६० किलोच्या माणसाच्या सर्वांगात एकदम उतरली, तर ती मात्रा होते ४ ग्रे. ग्रे म्हणजे किलोमागे एक जूल. सर्वांगाला ४ ग्रे मिळालेल्या आणि उपचार न झालेल्या माणसांपैकी जवळपास निम्मी दोनेक महिन्यांत दगावतात. एवढ्या ऊर्जेने अंगाचं तापमान वाढतं ते अंशाच्या जेमतेम हजाराव्या भागाने. चटका नाही, वास नाही, आवाज नाही. थर्मामीटरला पत्ताही लागत नाही.

ऊर्जा तेवढीच, पण ती पोचते कशी यावर सगळं अवलंबून आहे. चहाची ऊब अगणित रेणूंमध्ये वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला किंचित थरथर येते. गॅमा किरण मात्र तीच ऊर्जा मोजक्या जागी एकवटून टाकतो आणि अणूंमधले इलेक्ट्रॉन उपटून काढतो. एक ग्रे मात्रेने प्रत्येक पेशीतल्या डीएनएचा एक पदर सुमारे १,००० ठिकाणी तुटतो. दोन्ही पदर एकाच जागी तुटल्याच्या जखमा ३० ते ४० होतात. एकेरी तूट पेशी बहुतेक वेळा सांधून घेते. दुहेरी तूट सांधताना चुका होतात आणि त्या चुकाच पुढे जिवावर येतात.

म्हणून किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्यांना मर्यादा घालून दिलेली आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने ती पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट ठेवली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही. ग्रे आणि सिव्हर्ट यांतला फरक पुढे येईलच. गॅमा किरणांपुरते दोन्ही आकडे सारखेच. ही २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आपल्या चहाच्या मापाने किती होते? एका थेंबाचा चौथा हिस्सा, तोही वर्षभरात मिळून. सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे थेंबाचा ऐंशीवा हिस्सा. आणि कर्मचाऱ्याच्या छातीवरच्या बॅजला जे टिपता आलं पाहिजे, ते आहे ०.१ मिलिसिव्हर्ट: थेंबाचा आठशेवा हिस्सा, तीन महिन्यांत थोडा थोडा करून आलेला.

भिंतीच्या आत, भिंतीच्या बाहेर

माझी मामेबहीण परळच्या एका हॉस्पिटलात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. लालबागच्या चाळीतून ती रोज चालत कामाला जाते. कामावर पोचल्यावर पहिली गोष्ट करते ती बॅज लावण्याची. मी तिला एकदा विचारलं होतं, हा बॅज तुला किती वाचवतो? ती म्हणाली, "अजिबात नाही रे दादा. भिंत वाचवते. बॅज फक्त खरं सांगतो."

त्या भिंतीचे आकडे ऐकण्यासारखे आहेत. उपचाराच्या बंकरमध्ये रुग्णाच्या गाठीला एका बैठकीत साधारण २ ग्रे मात्रा देतात आणि पूर्ण उपचारात ५० ते ६० ग्रे. ती नेमक्या तेवढ्याच जागेवर आणि रोज थोडी थोडी दिली जाते, म्हणून रुग्ण तरतो आणि गाठ मरते. पण त्या एका बैठकीचा आकडा भिंतीबाहेर उभ्या असलेल्या टेक्नॉलॉजिस्टच्या वर्षभराच्या सरासरी मर्यादेच्या १०० पट आहे. असे रुग्ण दिवसाला कित्येक येतात. उच्च ऊर्जेचे क्ष-किरण काँक्रीटच्या दर ४५ सेंटिमीटरला साधारण एक दशांश उरतात. म्हणजे सव्वादोन मीटर जाडीची भिंत एक लाखातला एक भाग बाहेर येऊ देते. चाळीतली तिची खोली रुंदीला या भिंतीहून फार मोठी नाही.

परळला हे सगळं एकवटलं त्याला इतिहास आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मृतीतून सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हा आजूबाजूला गिरण्यांचे भोंगे वाजत होते. १९६२ साली हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं. १९६३ साली ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळलाच उभं राहिलं. आणि देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली याच सेंटरमध्ये चालू झालं.

सायक्लोट्रॉनचं काम पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरिन-१८ बनवण्याचं. ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा करायचा. एक प्रोटॉन आत शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो आणि ऑक्सिजनचं फ्लोरिन होतं. हिशेब रोखठोक आहे: फ्लोरिनचा एक अणू बनला की एक न्यूट्रॉन सुटतो. एक क्युरी फ्लोरिन-१८ म्हणजे सुमारे ३५० लाख कोटी अणू. त्यांचं एकूण वजन एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग! डोळ्याला न दिसणारं एवढंसं औषध बनवताना ३५० लाख कोटी न्यूट्रॉन मोकळे सुटतात आणि यंत्राभोवतालच्या जाड आवरणात ते सगळे जिरवावे लागतात. रुग्णाला टोचतात ती मात्रा याच्या शंभराव्या हिश्शाची धरली, तरी टोचल्यानंतर त्याच्या अंगात सेकंदाला ३७ कोटी अणू फुटत असतात. सुदैवाने दर ११० मिनिटांनी हा आकडा निम्मा होतो.

थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ देतात. १०० मिलिक्युरींच्या डोसमध्ये सेकंदाला ३७० कोटी अणू फुटतात आणि बीटा व गॅमा दोन्ही किरण बाहेर टाकतात. टेलिकोबाल्ट यंत्रातला १०,००० क्युरींचा सोर्स सेकंदाला ३७० लाख कोटी स्फोट करतो. तो निम्मा व्हायला सव्वापाच वर्षं लागतात. यंत्र बंद केलं तरी सोर्स बंद होत नाही, तो फक्त शिशाच्या आड जातो.

तीन खिडक्यांमधून ऐकलेली मिरवणूक

अडचण एवढीच असती की किरण खूप आहेत, तर मोजणं सोपं होतं. खरी अडचण अशी की ते एका जातीचे नसतात. कुठे बीटा आणि गॅमा एकत्र, कुठे कमी ऊर्जेचे क्ष-किरण, कुठे गॅमाबरोबर न्यूट्रॉन. याला संमिश्र क्षेत्र म्हणतात. प्रत्येकाची शरीरात शिरण्याची खोली वेगळी, इजा करण्याची ताकद वेगळी. कर्मचाऱ्याच्या वाट्याला काय काय आणि किती आलं, हे एका छोट्या बॅजने तीन महिन्यांनंतर सांगायचं असतं.

तो हे कसं सांगतो ते समजायला अनंत चतुर्दशीला लालबागला यावं. समजा, चाळीच्या खोलीला रस्त्याकडे तीन खिडक्या आहेत. एकीची जाड लाकडी झडप लावलेली, दुसरीला नुसता पडदा, तिसरी सताड उघडी. बाहेर न बघता मिरवणुकीत काय वाजतंय ते ओळखायचं आहे. ढोलाचा ठोका तिन्ही खिडक्यांतून सारखाच आत येतो. ताशाचा कडकडाट झडपेशी अडतो, पडद्यातून येतो. झांजांची बारीक किणकिण फक्त उघड्या खिडकीतून ऐकू येते. तिन्ही खिडक्यांपाशी कान लावून तुलना केली की कोणतं वाद्य किती वाजलं ते कळतं.

बॅजमध्ये अशाच तीन चकत्या असतात, प्रत्येकी १३.३ मिलिमीटर व्यासाची आणि ०.८ मिलिमीटर जाडीची, निकेलचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेल्या. पहिलीवर तांबं आणि ॲल्युमिनियमची झडप, दुसरीवर प्लास्टिकचा पडदा, तिसरी उघडी. तिन्ही चकत्या सारखंच सांगत असतील तर आला तो गॅमा. दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी चढी असेल तर कमी ऊर्जेचे क्ष-किरण. तिसरी एकटीच चढी असेल तर बीटा. ही तुलना नसती तर मोठी चूक झाली असती, कारण चकतीतला पदार्थ ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या क्ष-किरणांना गॅमाच्या मानाने दहाएक पट जास्त प्रतिसाद देतो. एकाच चकतीवर विसंबलं तर एकाचे दहा वाचले जातील.

तो पदार्थही आपल्या ओळखीचा आहे. लालबाग-परळच्या कारखान्यांत ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्ती घडतात, त्याचं रासायनिक नाव कॅल्शियम सल्फेट. त्यातलं पाणी पुरतं काढून टाकलं आणि दर दोन हजार रेणूंमागे डिस्प्रोसियमचा एक अणू मिसळला, की बॅजची भुकटी तयार होते. डिस्प्रोसियम या नावाचा ग्रीक अर्थच 'हाती लागायला कठीण' असा आहे. ही भुकटी टेफ्लॉनमध्ये मिसळून चकती दाबतात. किरण आत शिरला की इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या खोबणींत अडकून पडतात. तीन महिने ते तिथेच बसून राहतात. प्रयोगशाळेत चकतीवर सुमारे २८५ अंशांच्या नायट्रोजनचा झोत सोडला की ते सुटतात आणि सुटताना निळा-पिवळा उजेड देतात. तो उजेड मोजला की मात्रा कळते.

किती उजेड? एका चकतीत सुमारे ७० मिलिग्रॅम भुकटी असते. ०.१ मिलिसिव्हर्टला तिच्यात साठणारी ऊर्जा एका उडत्या डासाच्या गतिज ऊर्जेच्या साधारण तिसाव्या हिश्शाइतकी. तिच्यातलाही थोडाच अंश उजेड म्हणून बाहेर येतो. एवढ्याशा चमकेवर माणसाच्या तीन महिन्यांचा हिशेब उभा असतो. आणि ती चमक एकदाच मिळते. चकती वाचली की तिची आठवण पुसली जाते.

एक मिलिमीटर ते नागपूर

न्यूट्रॉन मात्र या तीन खिडक्यांना फारसा जुमानत नाही. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो शिशातून सहज निघून जातो. त्याला अडवायला हायड्रोजन लागतो: पाणी, मेण, पॉलिथीन. म्हणूनच १० मेगाव्होल्टच्या वरच्या यंत्रांच्या बंकरची दारं नुसत्या शिशाची नसतात. त्यांत बोरॉन घातलेलं पॉलिथीन असतं. तिथल्या यंत्रात क्ष-किरण टंगस्टनच्या आणि शिशाच्या अणुगर्भांवर आदळून न्यूट्रॉन उडवतात.

न्यूट्रॉन मोजणं किती अवघड, ते त्याच्या ऊर्जेच्या पल्ल्यावरून दिसतं. पूर्ण मंदावलेल्या न्यूट्रॉनची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, वेगवान न्यूट्रॉनची २ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. फरक ८० कोटी पटींचा. मंद न्यूट्रॉन एक मिलिमीटर मानला तर वेगवान न्यूट्रॉन होतो ८०० किलोमीटर, मुंबईहून नागपूरच्या जवळ जाईल एवढा. एकाच पट्टीने नखाची जाडीही मोजायची आणि नागपूरही.

शिवाय नुसती ऊर्जा मोजून भागत नाही. ग्रे आणि सिव्हर्ट वेगळे होतात ते इथे. गॅमाची एक मिलिग्रे मात्रा भुरभुर पावसासारखी पडते. सरासरीने प्रत्येक पेशीच्या केंद्रकातून एखादा इलेक्ट्रॉन जातो आणि तुरळक खुणा सोडतो. न्यूट्रॉन शरीरातल्या हायड्रोजनला धडकून प्रोटॉन उडवतो आणि तो प्रोटॉन गारेसारखा येतो. कमी पेशींना लागतो, पण जिला लागतो तिथे खच पाडतो. पाणी तेवढंच, पण भुरभुरीने पीक तगतं आणि गारपिटीने झोपतं. म्हणून गॅमाच्या ग्रेला १ ने गुणतात, तर न्यूट्रॉनच्या ग्रेला त्याच्या ऊर्जेनुसार २.५ पासून सुमारे २० पर्यंत. सर्वांत घातक न्यूट्रॉन असतो १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा.

माणसाने यावर काढलेल्या तोडग्यांपैकी एक फार सुंदर आहे. लिथियमचे दोन भाऊबंद निसर्गात सापडतात, लिथियम-६ आणि लिथियम-७. रसायनशास्त्राला दोघांत फरक दिसत नाही. गॅमालाही दिसत नाही. पण मंद न्यूट्रॉनला लिथियम-६ दिसतो तो लिथियम-७ पेक्षा २०,००० पट मोठा. दोघांच्या वेगवेगळ्या चकत्या शेजारी ठेवायच्या. एक गॅमा अधिक न्यूट्रॉन सांगते, दुसरी जवळपास नुसता गॅमा. वजाबाकी केली की उरतो न्यूट्रॉन. वेगवान न्यूट्रॉन या चकतीला थेट दिसत नाहीत, पण ते माणसाच्या अंगात शिरून मंदावतात आणि त्यांतले काही उलटे फिरून छातीवरच्या बॅजकडे येतात. म्हणजे ज्याच्यासाठी मोजायचं, त्याचं शरीरच मोजणीला हातभार लावतं. बॅज अंगावर नसेल तर ही मोजणीच होत नाही.

दुसरा तोडगा आपल्याकडे वापरात आहे. चष्म्याच्या काचांसाठी ज्याचा वापर होतो त्या सीआर-३९ प्लास्टिकचा तुकडा बॅजमध्ये ठेवतात. न्यूट्रॉनने उडवलेला प्रोटॉन त्यात एक सूक्ष्म ओरखडा सोडतो. तुकडा अल्कलीत कोरला की ओरखड्याचा खड्डा होतो आणि खड्डे मोजता येतात.

अंगातले आणि आकाशातले

एवढं वाचून कुणाला वाटेल की परळ सोडून गिरगाव चौपाटीवर जाऊन बसलो की सुटलो. तिथेही आकाशातून दर मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे एक म्युऑन येत असतो. उघड्या तळहातातून सेकंदाला एक-दोन. आठ तासांच्या झोपेत अंगातून २५-३० लाख जातात, वर चाळीचे चार मजले असले तरी. होमी भाभांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था वाढवली ती याच विश्वकिरणांच्या अभ्यासाच्या ओढीने; १९४९ पासून काही वर्षं ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. विमान ज्या उंचीवरून उडतं तिथे तर खरंखुरं संमिश्र क्षेत्र असतं. तिथल्या मात्रेतला निम्म्याच्या आसपास वाटा न्यूट्रॉनचा.

आपलं अंगही यातून सुटलेलं नाही. केळ्या-बटाट्यातून येणाऱ्या पोटॅशियममध्ये किंचित पोटॅशियम-४० असतं. प्रौढ माणसाच्या अंगात त्याचे सेकंदाला सुमारे ४,००० अणू फुटतात, दिवसाला ३४ कोटींहून जास्त. दादरला संध्याकाळी बारा डब्यांच्या गाडीत ५,००० माणसं धरली, तर त्या गाडीत सेकंदाला २ कोटी अणू फुटत असतात. तरीही याने वर्षभरात मिळते ती मात्रा ०.२ मिलिसिव्हर्टच्याही आत. जमीन, आकाश, अन्न आणि हवेतला रेडॉन मिळून जगाची सरासरी कित्येक वर्षं २.४ मिलिसिव्हर्ट सांगितली गेली आहे.

म्हणून प्रत्येक हॉस्पिटलात एक बॅज कुणाच्याच अंगावर नसतो. तो किरणांपासून लांब, एका कोपऱ्यात टांगलेला असतो. निसर्गाने तीन महिन्यांत जे दिलं ते त्याने टिपायचं आणि बाकी सगळ्यांच्या बॅजमधून ते वजा करायचं. उरतं ते कामाचं.

दोन शून्यं

मामेबहिणीने मला तिचा मात्रा-अहवाल दाखवला. तिच्या नावापुढे तिमाहीमागून तिमाही एकच आकडा: ०.००.

३७० लाख कोटींपासून निघून आपण इथे पोचतो. भिंत, दार, शिसं, अंतर, दोन मिनिटं लवकर आटोपलेलं काम, हे सगळं जमलं की शून्य येतं. तिचं शून्य खरं आहे, कारण दिवसभर बॅज तिच्या छातीवर होता आणि संध्याकाळी तो त्या टांगलेल्या बॅजशेजारी परत गेला.

पण शून्य आणखी एका रीतीने येतं. दादरच्या बाजूला एका छोट्या एक्स-रे क्लिनिकमध्ये मी पाय मोडल्यावर गेलो होतो. तिथल्या तरुण तंत्रज्ञाच्या अंगावर बॅज नव्हता. विचारलं तर त्याने टेबलाचा खण उघडून दाखवला. बॅज तिथे होता, नवा कोरा, रबरबँड लावलेल्या पाकिटात. हरवला तर भरपाई द्यावी लागेल म्हणून मालकाने जपून ठेवायला सांगितलं होतं. त्या मुलाच्या नावापुढेही ०.०० च येत असणार. कागदावर त्याच्या आणि माझ्या बहिणीच्या शून्यात तसूभर फरक नाही.

हे मला सहन होत नाही. ८० कोटी पटींचा पल्ला ओलांडणारं, डासाच्या उड्डाणाहून क्षीण चमक वाचणारं शास्त्र हाताशी आहे, आणि ते एका खणात बंद. त्या मुलाला आणखी वीस-तीस वर्षं त्या खोलीत उभं राहायचं आहे. पुढे कधी त्याच्या रक्ताच्या तपासणीत काही निघालं, तर त्याच्या बाजूने बोलायला काहीही नसेल. उलट तो खण त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

पुढच्या वेळी एक्स-रे काढायला जाल तेव्हा फोटो काढणाऱ्याच्या छातीकडे बघा. छातीच्या उंचीवर बॅज असला पाहिजे, शिशाचा एप्रन घातला असेल तर त्याच्या आत. दिसला नाही तर विचारा. मी त्या दिवशी विचारलं, तेव्हा त्या मुलाने पाकिटाचा रबरबँड काढला, बॅज खिशाला लावला आणि मग मला म्हणाला, "काका, आता श्वास रोखू नका, फक्त पाय हलवू नका."